चौकीदाराचे साडेतेरा हजार: नागपुरातल्या एका फ्लॅट स्कीमचं प्रकरण

मनीष नगर ओलांडून बेसाकडे जाताना गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्या फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीचं हे प्रकरण आहे. चाळीस फ्लॅट, दोन लिफ्ट, एक गेट. गेटवर दिवसा एक चौकीदार, रात्री एक. अशा स्कीमचे हिशोब लिहिणं हे माझं काम. दोन-तीन ठिकाणचे तपशील इथे एकत्र केले आहेत, पगार आणि बिलाचे आकडे गोल केले आहेत, आणि कोणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. कराचे दर, मर्यादा आणि कायदे मात्र जसे आहेत तसेच.

सुरक्षा एजन्सीचं कंत्राट डिसेंबर २०२५ अखेर संपत होतं. ते वाढवायचं की एजन्सी बदलायची, एवढाच सभेपुढचा विषय. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे शहरातले निम्मे रस्ते अडवलेले असताना ही सभा पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून भरली आणि दोन तास चालली. फ्लॅटमागे महिन्याला ८२७ रुपये वाढवायचे की नाही, यावर वाद झाला. हा आकडा कुठून आला आणि कुठे गेला, ते बघितलं की सरकारचे कर, सरकारचा खर्च आणि कामगार कायदे दोन माणसांच्या उत्पन्नातलं अंतर कसं वाढवतात किंवा कमी करतात, हे बऱ्यापैकी कळतं.

बिल आणि पगारपत्रक

एजन्सी एका चौकीदाराचे महिना १८,००० लावते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,२४०. दोघांचं मिळून बिल ४२,४८०. स्कीमची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट कुठेच मिळत नाही. तो सरळ मेंटेनन्समध्ये जातो. फ्लॅटमागे १,०६२ रुपये.

चौकीदाराच्या पगारपत्रकावर एकूण १३,५०० दिसतात. त्यातून त्याचा पीएफ १,०८०, ईएसआय (कामगार विमा) १०१ आणि व्यवसाय कर २०० कापून हातात १२,१०० च्या थोडं वर. ड्यूटी बारा तासांची, सात ते सात. साप्ताहिक सुट्टी नाही. महिन्याचे ३६० तास, तासाला साडेसदतीस रुपये.

आता पीएफ बघा. १३,५०० वर १२ टक्के म्हणजे १,६२० व्हायला हवे होते, कापले १,०८०. कारण मूळ वेतन ९,००० दाखवलंय आणि उरलेले साडेचार हजार 'इतर भत्ता'. मी एजन्सीकडून पीएफचं मासिक चलन मागवलं. त्यात प्रत्येक नावापुढे 'एनसीपी डेज' असा एक रकाना असतो, ज्या दिवसांचं वेतन नाही आणि म्हणून वर्गणीही नाही, ते दिवस. तीसच्या तीस रात्री गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या नावापुढे तिथे १२ लिहिलं होतं. म्हणजे कागदावर तो अठराच दिवस कामाला होता. किमान वेतनाचा हिशोब दिवसावर होतो. दिवसच कमी दाखवले की किमान वेतनही पाळलं जातं आणि पीएफही वाचतो. कुठेही खोटा दर लिहावा लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत एक चांगली तरतूद आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. सभेत एका सभासदाने तेच सांगितलं, "आता नवा कायदा आलाय, भत्त्यांचा खेळ संपला." पण इथे ९,००० हे १३,५०० च्या निम्म्याहून जास्तच आहेत. भत्त्याची चाळणी लावली तरी हा कागद अलगद पार होतो, कारण लबाडी भत्त्यात नाही, हजेरीत आहे. ती पकडायला गेटवरचं रजिस्टर आणि चलन शेजारी शेजारी ठेवून बघणारा माणूस लागतो. दोन चौकीदारांच्या स्कीममध्ये असा तपासनीस येत नाही.

सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा १९८१ पासून आहे. रक्षकांची मंडळाकडे नोंदणी व्हावी, पगार आणि लाभ मंडळामार्फत मिळावेत, ही त्याची कल्पना. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली जे केलं त्याच धर्तीवर. कळमन्याच्या बाजारातल्या हमालाला माथाडी कायद्याचा अर्थ पाठ असतो. आमच्या गेटवरच्या दोघांनी १९८१ च्या कायद्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. खाजगी एजन्सीच्या रक्षकांना सूट देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, त्यामुळे बाजार एजन्सींचाच राहिला.

कायद्याने किती व्हायला हवं होतं

महिन्याचं किमान वेतन २६ दिवसांचं, गोल आकड्यात १३,००० धरू. २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे तासाला साडेबासष्ट. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट दर. बारा तासांची ड्यूटी सहा दिवस म्हणजे ७२ तास. वरचे २४ तास दुप्पट दराने म्हणजे पुन्हा ४८ तासांचा पगार. किमान वेतन कितीही असो, गणित तेच राहतं: बारा तासांची ड्यूटी घ्यायची असेल तर कायद्याने दोन पगार द्यावे लागतात. इथे २६,००० व्हायला हवे होते, आणि सुट्टीच्या दिवशी भरवलेल्या चार ड्यूट्या मी यात धरलेल्याच नाहीत. मिळतात १३,५००. फरक साडेबारा हजारांचा, दर महिन्याला.

आणि पैसे दिले तरी एवढे जादा तास घेता येत नाहीत. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने आणि आस्थापनांसाठी दिवसाचे तास ९ वरून १० करायला आणि ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला १२५ वरून १४४ तास करायला मान्यता दिली. कारखान्यांसाठी दिवस १२ तासांपर्यंत नेता येईल असं ठरलं. ही ढील मिळूनसुद्धा आमच्या चौकीदाराचे जादा तास तिमाहीला तीनशेच्या वर जातात.

४८ तासांच्या आठवड्याचा इतिहास नागपूरकराला परका नाही. जुलै १९४२ मध्ये इथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला तो १९४६ साली, त्यांच्या विधेयकामुळे. किमान वेतनाचं विधेयकही त्यांनीच एप्रिल १९४६ मध्ये मांडलं, कायदा १९४८ ला झाला. दिवसपाळीच्या चौकीदाराच्या केबिनमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच केबिनमध्ये तो आठवड्याला ८४ तास बसतो.

मी सभेसाठी कायदेशीर खर्चाचा तक्ता केला. आठ तासांच्या तीन पाळ्या, महिन्याला नव्वद ड्यूट्या, एक माणूस २६ ड्यूट्या करणार, म्हणजे साधारण साडेतीन माणसं. प्रत्येकाचं वेतन १३,०००, घरभाडे भत्ता ५ टक्के, मालकाचा पीएफ १३ टक्के, ईएसआय सव्वातीन टक्के, बोनस ८.३३ टक्के. भरपगारी रजा, गणवेश आणि एजन्सीचा सर्व्हिस चार्ज धरून माणशी १८,५००. एकूण ६४,०३८, त्यावर जीएसटी ११,५२७. बिल ७५,५६५. आताच्या बिलापेक्षा ३३,०८५ जास्त. भागिले चाळीस: ८२७.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट

सभेत या वाढीला सगळ्यात ठाम विरोध करणारे गृहस्थ मिहान या नागपूरच्या औद्योगिक प्रकल्पातल्या एका आयटी कंपनीत आहेत. वार्षिक पगार १८ लाख. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, "मध्यमवर्गीय माणसावर किती बोजा टाकणार?" असं विचारताना. माणूस कंजूष नाही, दिवाळीला दोन्ही चौकीदारांना पाकीट देतो, त्यांच्या मुलांसाठी वह्या आणतो. म्हणून त्यांचा हिशोब मी जरा सावकाश मांडतो.

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीचे टप्पे बदलले. १८ लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न १७.२५ लाख. आधीच्या वर्षाच्या दराने त्यांचा कर उपकरासह २,१५,८०० होता. नव्या दराने १,५०,८००. बचत ६५,००० रुपये, महिन्याला ५,४१६. त्यासाठी त्यांना अर्ज करावा लागला नाही, दाखला काढावा लागला नाही, कोणी घरी येऊन पंखे मोजले नाहीत. कंपनीने एप्रिलपासून टीडीएस कमी कापला, इतकंच. सभेत ज्या ८२७ रुपयांवर आवाज चढले, ते या बचतीच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी भरतात.

१२ लाखांपर्यंत शून्य कर, या बातमीने त्या फेब्रुवारीत बर्डीपासून बेसापर्यंत सगळे खूष होते. सरकारच्याच अंदाजाने या सवलतीपोटी वर्षाला १ लाख कोटी रुपये सोडले गेले. त्याच अर्थसंकल्पात मनरेगासाठी ८६,००० कोटी होते. सवलत चुकीची होती असं मी म्हणत नाही. महागाईत टप्पे हलवावेच लागतात. पण जो प्राप्तिकर भरतच नाही, त्याला प्राप्तिकरातल्या सवलतीतून काही मिळू शकत नाही, आणि गेटवरचे दोघे त्यात येतात.

'मध्यमवर्गीय' या दाव्याचंही बघू. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या १० टक्के प्रौढांचं सरासरी उत्पन्न वर्षाला साडेतेरा लाखांच्या आसपास होतं, आणि वरच्या १ टक्क्याकडे एकूण उत्पन्नाच्या २२.६ टक्के जात होते. सरकारी बाजूने याला उत्तर म्हणून उपभोग खर्चाचा जिनी निर्देशांक (शून्याच्या जितका जवळ, तितकी विषमता कमी) दाखवला जातो, शहरांसाठी २०२३-२४ मध्ये ०.२८४, आणि तो बराच सौम्य दिसतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण श्रीमंत माणूस मिळवतो तेवढं खर्च करत नाही. आमचे गृहस्थ महिन्याला चाळीस हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात गुंतवणूक, करतात. ती रक्कम उपभोगाच्या पाहणीत दिसत नाही आणि तिच्यावर जीएसटीही लागत नाही. चौकीदाराचं उत्पन्न मात्र सगळंच्या सगळं खर्च होतं: खोलीचं भाडं, गॅस, पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले, हा त्याच्या घरापर्यंत पोचलेला खरा दिलासा. रिचार्जवर १८ टक्के कायम आहेत.

अडीच हजारांचा कर

व्यवसाय करावर थोडं थांबतो, कारण त्याची गोष्ट चटका लावणारी आहे.

महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली योजना टिकवायला पैसा हवा होता. शहरात पगार घेणाऱ्यांनी थोडं द्यावं आणि गावात काम मागणाऱ्याला ते मिळावं, असा सरळ व्यवहार. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्याला वाट दाखवून गेली. करातून वरच्याकडून घ्यायचं, खर्चातून खालच्याला द्यायचं, आणि तेसुद्धा कामाच्या हक्काच्या रूपात: विषमता कमी करण्याचं धोरण म्हणून याहून नेटकी रचना राज्याने क्वचितच केली असेल.

पण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला कमाल मर्यादा आहे, १९८८ पासून वर्षाला २,५०० रुपये. ती तिथेच राहिली. पगार मात्र वाढत गेले, आणि महिन्याला १०,००० च्या वर पगार असलेला प्रत्येक पुरुष आज ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० भरतो. स्त्रियांना २०२३ पासून २५,००० पर्यंत सूट आहे, ती योग्यच. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ वर्षाला २,५०० भरतात आणि चौकीदारही २,५००. एकाच्या उत्पन्नाचे ०.१४ टक्के, दुसऱ्याच्या दीड टक्क्याहून जास्त. भंडारा जिल्ह्यातून धानाची शेती सोडून आलेला माणूस, ज्याच्या आईबापांनी रोहयोच्या कामावर माती उपसली, तो आज पगारदार म्हणून तेवढाच कर देतो. हे कोणी ठरवून केलं नाही. मर्यादा हलवली नाही, तेवढ्यानेच झालं.

सभा

सचिव भाऊंनी आधी चौकीदारांशी बोलायला मला पाठवलं होतं. मला वाटलं होतं, आठ तासांची ड्यूटी म्हटल्यावर दोघे खूष होतील. रात्रपाळीवाला हसला. म्हणाला, "आठ घंट्याची ड्यूटी घेऊन का करू जी? हातात तर कमीच पडतीन. मंग उरलेल्या टायमात दुसऱ्या गेटवर जावाच लागन."

तो बरोबर होता. आठ तासांच्या कायदेशीर पाळीत एकूण १३,६५०, त्यातून पूर्ण दिवसांचा पीएफ १,५६०, ईएसआय, व्यवसाय कर वजा जाता हातात ११,८०० सुद्धा नाहीत. आज बेकायदा बारा तासांत १२,१०० मिळतात. पीएफ त्याच्याच नावावर साठतो, बोनस दिवाळीला येतो, रोजचे चार तास आणि आठवड्याची सुट्टी मोकळी होते, हे सगळं मी सांगितलं. खोलीचं भाडं १ तारखेला द्यायचं असतं, पीएफ म्हातारपणी मिळतो. त्याला हातातले तीनशे रुपये कमी होणं परवडत नव्हतं.

मला या प्रकरणातली हीच सगळ्यात बोचरी गोष्ट वाटते. किमान वेतन इतकं खाली ठेवलंय की कायदा पाळून आठ तास काम केलं तर घर चालत नाही, आणि म्हणून माणूस स्वतःच बारा तास मागतो. मग 'त्यांनाच हवंय' असं म्हणायला सगळे मोकळे. एम्प्रेस मिल या कापड गिरणीने १८७७ ते २००२ या सव्वाशे वर्षांत नागपुरातल्या कितीतरी घरांना पाळी, पीएफ आणि पेन्शन म्हणजे काय ते दाखवलं. त्या जागेवर आता मॉल आणि फ्लॅट आहेत. शहरात पगारदार कष्टकऱ्यासाठी जी नवी कामं आली, त्यातली पुष्कळशी एजन्सीच्या मार्फत येतात, आणि एजन्सी एकमेकींशी स्पर्धा करतात ती फक्त दरावर.

सभेत चार मतं पुढे आली. काहींना आहे तेच चालवायचं होतं. दुसऱ्यांचं म्हणणं, दिवसपाळी काढून टाका आणि कॅमेरे, बूम बॅरिअर लावा. एकदाच दोन लाख, मग पगार नको, पीएफ नको. तिसरा प्रस्ताव तीन पाळ्यांचा. चौथा एका निवृत्त शिक्षिकेचा होता आणि मला तोच सगळ्यात अभ्यासण्यासारखा वाटला.

बाई पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात, कुटुंब निवृत्तिवेतन महिना बावीस हजार. त्यांना चौकीदारांचा पगार वाढायला हवाच होता, पण ८२७ रुपये त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनाचे जवळपास चार टक्के. त्या म्हणाल्या, "चाळीस घरांना सारखं का वाटता? थ्री बीएचकेवाल्यांनी जास्त द्या, टू बीएचकेवाल्यांनी कमी." यावर थ्री बीएचकेवाले एकदम उसळले. चोर काय मोठा फ्लॅट बघून येतो का, गेट सगळ्यांना सारखंच, वगैरे. प्रस्ताव मतालाही आला नाही. माणशी सारखा कर कोणावर जड पडतो, हे त्या पार्किंगमध्ये सगळ्यांना कळलेलं होतं. ज्यांना हलका पडत होता त्यांची संख्या आणि आवाज जास्त होता. ज्यांच्या पगारावर चर्चा चालली होती ते दोघे गेटवर होते, त्यांना मत नव्हतं.

शेवटी ठरलं ते मधलं: फ्लॅटमागे ३०० रुपये वाढ. बारा तास तसेच, पण महिन्याला चार सुट्ट्या आणि त्यासाठी रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस. पीएफ पूर्ण २६ दिवसांवर. बोनस बिलात लावून दिवाळीआधी. एकूण पगार १४,५००. दर महिन्याला पीएफचं चलन दाखवल्याशिवाय एजन्सीचं बिल निघणार नाही, ही अट मी घालून घेतली. कायद्याच्या हिशोबाने हे अजूनही अपुरंच आहे.

या तडजोडीचे १२,००० कुठे गेले ते सांगण्यासारखं आहे. दोन्ही चौकीदारांच्या हातात मिळून हजारभर रुपये वाढले, माणशी पाचशे. रिलीव्हरला चार हजार. बोनससाठी महिन्याला बाजूला पडतात ते दोन हजारांच्या वर. पीएफमध्ये मालक-कामगार दोन्ही बाजू धरून दोघांच्या खात्यात दर महिन्याला दोन हजारांची वाढ. एजन्सीचे काहीशे. आणि जीएसटी १,८३१. माणसाला कायद्याच्या जवळ नेणारा प्रत्येक रुपया बिलात येतो, आणि बिलातल्या प्रत्येक रुपयावर १८ टक्के लागतात. जी एजन्सी वेतन बुडवते तिचं बिल लहान, म्हणून करही लहान. कोषाध्यक्षांच्या डोक्यात सुरुवातीपासून करासकट एकच आकडा असतो, "इतक्यात बसवा." त्यामुळे कर वरवर फ्लॅटधारक भरतो असं दिसतं, प्रत्यक्षात त्याचा मोठा हिस्सा पगारातून दाबला जातो.

तीन कागद

खर्चाच्या बाजूचं राहिलं. चौकीदाराची बायको याच भागात चार घरी धुणीभांडी करते, महिना सहा हजार. तिला जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे १,५०० मिळतात, वर्षाला १८,०००. याच योजनेवर राज्याने २०२५-२६ साठी ३६,००० कोटी ठेवले. त्या पैशाने तिच्या घरात फरक पडला, हे मी स्वतः बघितलंय: पहिल्यांदा तिच्या नावाचं खातं हललं, मुलीची शिकवणी सुरू झाली. पण नवऱ्याचा कायदेशीर पगार बुडतो तो महिन्याला साडेबारा हजार. १,५०० त्याच्या आठव्या हिश्शाएवढेही नाहीत. गेटवर कायदा पाळून घ्यायला सरकारला ३६,००० कोटी लागले नसते, निरीक्षक लागले असते.

शिवाय या घराचं उत्पन्न तीन कागदांवर तीन प्रकारचं आहे. पीएफच्या चलनावर वर्षाला १,०८,०००. प्रत्यक्षात १,६२,०००, बायकोचे ७२,००० वेगळे. आणि गावाकडच्या तहसीलचा जुना दाखला ४८,००० चा. हा शेवटचा दाखला त्यांना हवाच, कारण शहरात प्राधान्य गटाच्या रेशनकार्डाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० आहे. महिन्याला पाच हजारही नाही. शहरातलं कुठलंही किमान वेतन कागदावर पूर्ण मिळालं की त्या कुटुंबाचा माणशी पाच किलो मोफत धान्यावरचा हक्क जातो. एक खातं ज्याला कमीत कमी पगार म्हणतं, त्याला दुसरं खातं श्रीमंती म्हणतं. शाळेच्या २५ टक्के राखीव जागांत आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा १ लाख, लाडकी बहीणची अडीच लाख, ईएसआयची महिना २१,०००. प्रत्येक मर्यादेला एक कडा, आणि कडेवरून एक रुपया पलीकडे गेला की लाभ पूर्ण बंद. हळूहळू कमी होण्याची सोय कुठेच नाही. प्राप्तिकरात मात्र ती आहे: १२ लाखांच्या किंचित वर गेलेल्याला वाढलेल्या उत्पन्नापेक्षा जास्त कर पडू नये म्हणून सीमांत सवलत (मार्जिनल रिलीफ) दिली जाते.

ठराव झाल्यानंतरच्या आठवड्यात दिवसपाळीवाला माझ्याकडे आला. नव्या पगाराने त्याचे वर्षाचे १,७४,०००, बायकोचे ७२,०००, आणि दिवाळीच्या बोनसचे १३,०००. बेरीज २,५९,०००. लाडकी बहीणची ई-केवायसी तेव्हा चालू होती आणि त्यात नवऱ्याचा आधार क्रमांकही जोडायचा होता. त्याने बेरीज आधीच केली होती.

"साहेब, बोनस पगारात नका दाखवू जी. हातात द्या नाही तर राहू द्या. तेरा हजारासाठी तिचे अठरा हजार बंद होतीन."

बोनस कागदावर आणायलाच मी एजन्सीशी महिनाभर भांडलो होतो. मी त्याला सांगितलं की पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना या योजनेत उत्पन्नाचा दाखला लागत नाही, त्यामुळे लगेच काही होणार नाही. "आणि मंग कार्डच गेलं तर?" त्याने विचारलं. एजन्सीचा सुपरवायझर बाजूलाच होता. तो म्हणाला, काही अडचण नाही, आपण पुन्हा अठरा दिवस दाखवू.